आठ आणे समुद्र

गंगाखेडच्या तंत्रनिकेतनात दुसरा मजला, वीज गेलेली,
आणि दैवशाला कांदे खिडकीशी बसून
खाडीच्या प्रवाहातून वीज किती निघेल
ते मांडायलीय.
समुद्र तिनं पाहिलेला नाही.
मीही एकदाच, सहलीत, ओहोटीला.
नुसता चिखल होता.

"सर, भांग म्हणजे?"
तक्त्याच्या कडेला लिहिलंय: उधाण, भांग.
मला केसांतला माहीत, आणि शिवरात्रीची.
शोधून सांगितलं, अष्टमीच्या आसपास
पाणी आळसावतं, त्याला तिकडं भांग म्हणतात.
"म्हणजे समुद्रही पंचांग बघतो,"
ती म्हणाली, आणि अमावास्येचा रकाना
जरा रुंद केला.

वेग कसा धरायचा ते मात्र तिला येत होतं.
डाव्या कालव्याला आवर्तन सुटलं तेव्हा
ज्वारीचं चिपाड पाण्यात सोडून
ती काठानं चालत गेली होती, हातात मोबाइल.
वीस मीटर, पंचवीस सेकंद.
चौरस मीटरला अडीचशे वॅट,
त्यातले पात्याच्या हाती लागतील शंभर:
जुन्या काळचा एक पिवळा बल्ब.

"आणि तिकडं पाणी तिप्पट पळत असंल तर?"
तर वीज तिप्पट नाही, पोरी.
तीन गुणिले तीन गुणिले तीन.
तिनं समासात बारीक लिहिलं, नक्षत्रांएवढे बल्ब,
आणि लगेच खोडलं,
जसं काही मी बघतच नव्हतो.

मग ती पाती वाढवत गेली. शंभर. हजार.
अख्खी खाडी पात्यांनी बुजवली.
उत्तर परळीच्या धुराड्यासारखं वर वर चाललेलं.
मी म्हणालो, सगळंच अडवलंस
तर पाणी येईल कशाला इकडं?
ती बराच वेळ काही बोलली नाही.

तिचे वडील कोतवाल. तलाठ्यामागं
बांधाबांधानं आणेवारीला हिंडायचे.
कागदावर पैसेवारी झाली, ते आणेच म्हणायचे.
उभं पीक बघून दहा म्हणायचे,
मग दोन कमी करायचे:
एक पाखरांचा,
एक आपल्याला न कळलेल्याचा.

दिवेलागणीला तिनं आकडा निम्मा केला,
मग आणखी थोडा. होड्यांसाठी. माशांसाठी.
महिन्यातल्या दोन भांगांसाठी.
"अंदाजे लिहू का, सर?"
लिही. चिपाडाचंही लिही.

वीज आली तेव्हा
आम्ही दोघांनी आधी
पंख्याकडं बघितलं.