झिपरी

हिलाल ठेलारीने मेंढ्या विकल्या त्या साली
चार महिन्यांची कुत्री माझ्या सायकलच्या पिशवीत ठेवली.
पैसे घेतले नाहीत, बजावलं मात्र:
हिला साखळी लावू नको.
आणि हिच्यावर ओरडायचंच असेल
तर आधी पांझरेवर जाऊन ओरडून ये.

जात पश्मी. धावायला बनवलेलं सगळं अंग,
आणि कानांना, शेपटीला, पायांच्या मागे
रेशमाच्या लडी सुटलेल्या.
पोट इतकं आत
की शेजारचा भटू विचारायचा,
"खाऊ घालतोस, का नुसतं दाखवतोस?"

ते पिंजारलेपण बघून मी नाव ठेवलं झिपरी.
आई चुलीपुढून उठली.
"मन्हा सासरानं नाव शे ते. मी कशी लेऊ?"

आजोबा झिपरू.
पाठची-पुढची पाच गेली, हे एक जगावं
म्हणून असं टाकाऊ नाव.
मी म्हटलं, तिथे उकार आहे, इथे वेलांटी.
आई म्हणाली, तुझ्या आजोबांना वाचता कुठे येत होतं?

मग सात वर्षं आईपुरती ती बिननावाची.
केसाळीला पाणी ठेव.
आपली ती जेवली का?

दिवाळीनंतर रान सुकलं
की ती रोज संध्याकाळी अर्धं शिवार अंगावर घेऊन यायची:
कुसळं, गोखरू, काय काय.
आई ओट्यावर बसायची,
बोटाला खोबरेल, हातात स्वतःचीच लाकडी फणी.
केसाच्या टोकापासून सुरुवात,
मुळाशी शेवटी.
मुळापासून ओढलं तर ती केकाटायची नाही,
नुसती मान वळवून बघायची,
आणि ते बघणं आईला दिवसभर पुरायचं.
बोटांच्या बेचक्यांतले गोचीड रॉकेलच्या वाटीत.
कानाच्या आत फक्त फडकं, काडी नाही.

वैशाखात मी कात्री घेऊन गेलो.
आईने कात्री काढून घेतली.
"उन्हात तिचं तेच छप्पर आहे."
निंबाखाली ओलं गोणपाट टाकलं,
फिरायला न्यायचं ते तांबडं फुटायच्या आत.

चोरावर भुंकली असेल, मला माहीत नाही.
पाहुणा आला की उठून परसात जायची,
मोठ्या घरची बाई जाते तशी.
अंगावर चरबी नाही, भुई टोचायची;
माझ्या गोधडीपाशी येऊन उभी राहायची,
मी उठेपर्यंत.

हिलाल म्हणायचा, या जातीचे कान डोळ्यांत असतात.
डोळे गुंतले की हाक पोचत नाही.
शिकारीला बंदी आहे, हे आम्हाला कळलेलं.
ससा उठला की तिला कोण सांगणार?

पौषातली गोष्ट. हरभऱ्यातून काहीतरी उठलं
आणि ती पवनचक्क्यांच्या पठाराकडे
वाकडीतिकडी रेघ ओढत गेली.
दिवस बुडाला. मी शिट्ट्या मारल्या.
भटूने मोटारसायकल काढली, टॉर्च काढला.
पठारावर लाल दिवे एकदम लागायचे, एकदम विझायचे,
खाली काळोखच.

आई बांधावर आली.
डोक्यावरचा पदर सारखा केला,
मागे वळून पाहिलं, कुणी वडीलधारं नाही ना.
मग तोंडातल्या तोंडात, "झिपरे."
मग जरा मोठ्याने.
मग अशी हाक दिली
की मला वाटलं ही आवाज साठवत होती
लग्न होऊन आली तेव्हापासून:
"झिपरे! ये वं माय, झिपरे!"

किती वेळ गेला, सांगता येणार नाही.
मोहाच्या झाडाखालून ती आली,
एक पाय उचलून, कान फाटलेला,
शेपटीची नुसती गाठ झालेली.

त्या रात्री एकशे बारा गोखरू निघाले.
आईने मोजले, मला मोजू दिले नाहीत.
कानाला हळद लावताना
तिचा ओठ हलत होता, शब्द बाहेर नव्हता.

सकाळी आजोबांच्या फोटोपुढे गुळाचा खडा होता.
मी काही विचारलं नाही.
चहा गाळता गाळता आई म्हणाली,
"बघ रे, आपली ती उठली का."