घोडा की उंट

उलानबातर, जानेवारी, उणे एकतीस.
लॅबमधल्या वीस यंत्रांपैकी
अकराच जागी झाली त्या सकाळी
आणि आम्ही चव्वेचाळीस जण
कोट न काढता बसलेलो.

न्यामसुरेन बाईंनी फळा पुसला नाही.
नाडी तुटलेली एक चामडी थैली काढली
आणि टेबलावर ओतली
मेंढ्यांच्या घोट्यांची हाडं.
खळखळाटावर कुणीतरी मागे हसलं :
इतकी फी भरून
पुन्हा तंबूतल्या गालिच्यावरच आलो की.

"चार बाजू," बाई म्हणाल्या,
"घोडा, उंट, मेंढी, बकरी.
जे पडेल ते पलीकडच्या खोलीला कळवायचं.
तोंड बंद. भिंतीवर ठोकायचं.
बोटाने टक, नाहीतर मुठीने धप.
तिसरा आवाज नाही."

आम्ही लगेच ठरवलं, प्रत्येकाला दोन ठोके.
टक टक मेंढी, टक धप बकरी,
धप टक घोडा, धप धप उंट.
दुलगून ठोकत होता, मी पलीकडे भिंतीला कान लावून.
पाच चुका, दोनदा रडीचा डाव,
एकदा रसायनशास्त्राचे सर येऊन विचारून गेले,
पाइप फुटलाय का म्हणून.

गेरेलचुलून या विषयात दोनदा नापास.
ती शेवटच्या रांगेत, रेडिएटरला पाठ लावून
नुसती मोजत होती.
तास संपत आला तेव्हा म्हणाली,
"मेंढी आणि बकरीच पडतात सारख्या.
हाडाला आडवं निजायला आवडतं.
उंट शंभरात दहादाही उभा राहत नाही.
मग सगळ्यांना सारखे ठोके कशाला?
मेंढीला एकच द्या, टक.
बकरी धप टक.
घोडा धप धप टक, उंट धप धप धप.
तो येतो कधी, त्याने थांबावं."

"घोळ नाही होणार?"
"टक आला की नाव संपलं. किंवा तीन धप."
मग जरा थांबून, हातमोज्याकडे बघत,
"घरी मला दिवसभर गेरे म्हणतात.
गेरे पाणी, गेरे दार, गेरे कुत्रा सोड.
अख्खं नाव
आई रागावली तरच घेते."

बाईंनी खडू उचलला, परत ठेवला.
त्याचं सूत्र पुढच्या वर्षी पुस्तकात भेटलं,
कुणा परक्याच्या नावाने.
मी त्याला गेरेच म्हणतो अजून.

शेवटचा डाव तिच्या नियमाने.
चाळीस हाडं,
ऐंशीच्या जागी त्र्याहत्तर ठोके.
त्यातलं चाळिसावं मला आठवतं.
आमच्यात घोडा पडणं शुभ.
धप, आली भिंतीतून. पुन्हा धप.
माझा कान गोठलेला, पेन्सिल अधांतरी,
आणि दुलगूनचा हात पलीकडे
अजून उचललेलाच.