अंगठा हलव

पहाटे चारला तू म्हणालास, "मला उठव."
मी म्हटलं, ऊठ की. कुणी धरलंय?
रात्री पुतण्याच्या लग्नात तू तीन वाडगे परतलेला भात खाल्लास,
त्यावर लाल चवळीची गोड पेज, दोनदा,
मला वाटलं, पोट जड झालंय, लाडात आलायस.
पण डोळे टक्क उघडे होते,
जीभ चालत होती,
आणि मानेखाली नुसतं सामान पडलं होतं.

मी पाय उचलला.
ओल्या वाळूच्या पोत्यासारखा तो वर आला,
सोडल्यावर पडला,
पडला तिथेच राहिला.

शाम शुई पोच्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.
सहाव्या मजल्यावरून
दोन ॲम्ब्युलन्सवाल्यांनी तुला खुर्चीला बांधून उतरवलं.
पट्टा आवळताना तू त्यांना म्हणालास,
"गाठ अशी नाही. शेपूट आत खोचा."
तेवीस वर्षं बांबूच्या परांच्या बांधणारा तू,
चाळिसाव्या मजल्याबाहेर एका पायावर तोल धरून
काळ्या नायलॉनच्या पट्टीला पीळ देणारा.
चौथ्या मजल्यावर चिऊ बाईंनी दार किलकिलं केलं,
पाहिलं,
लावून घेतलं.

डॉक्टर फुंग पोरगेलीच होती, कोटाच्या खिशात अर्धा खाल्लेला पाव.
तिनं पायांचं काही विचारलंच नाही.
वजन उतरलंय? उकडतं? हात थरथरतात?
मला हसू फुटलं.
हिवाळ्यापासून तू चौघांचं जेवतोस
आणि पट्ट्याला खिळ्यानं नवी भोकं पाडतोस.
जानेवारीत पंखा लावतोस.
चॉपस्टिक्समधून मटार निसटतो
आणि तू मटारावर चिडतोस.
झोप नाही, अंग वाळलेलं, छातीत धडधड:
मी समजत होते, दुसरी कुणीतरी आहे.
सिनेमात तरी तसंच असतं.

तिनं तुझ्या गळ्यावर बोटं ठेवली. "गिळा."
म्हणाली, इथली ग्रंथी फार घाईत आहे.
त्या घाईत रक्तातलं पोटॅशियम पेशींमध्ये पळालं.
हरवलेलं नाही. घरातच आहे,
आतून कडी लावून बसलंय.
मग बाटलीभर द्या ना, मी म्हटलं.
नको, थोडं थोडंच.
कडी निघाली की ते सगळं एकदम बाहेर येतं,
आणि तेव्हा हृदयाला झेपत नाही.

म्हणून आम्ही थेंब मोजत बसलो.
तू छत मोजत होतास.
एकदाच विचारलंस, "वर असतो तर?"
मी नळी सरळ केली, तशी ती सरळच होती.

पावणेबाराला डाव्या पायाचा अंगठा हलला.
एकटाच.
दुसऱ्याच्या मुलाकडे पाहावं तसं तू त्याच्याकडे पाहिलंस.
तीनला तू आपल्या पायांनी संडासला गेलास.
चारला मुकादमाचा फोन:
"सकाळी लुळा आणि दुपारी चालतोस?
नाटकं कुणाला दाखवतोस?"
आमच्याकडे पुरावा एवढाच,
एका कागदावर लिहिलेलं: एक पूर्णांक आठ.
तो त्याला कसा वाचून दाखवायचा?

आता गोळ्या आहेत. भात अर्धा वाडगा.
गळ्यातली घाई उतरेपर्यंत वर चढायचं नाही.
तू फुटपाथवरून बांबू वर सरकवतोस,
गाठी लेउंगचा पोरगा बांधतो,
तू खालून ओरडतोस, "शेपूट आत!"
आणि संध्याकाळी घसा बसलेला घेऊन येतोस.

मला मात्र अजून चारला जाग येते.
चादरीत हात घालून तुझं पाऊल धरते,
पुटपुटते, अंगठा हलव.
तू झोपेतच हलवतोस,
कधी कधी चिडून.

काल हलला नाही.
मी थांबले. पुन्हा म्हटलं.
खाली भाजीच्या ट्रकनं मागे येताना बीप बीप केलं, थांबला,
मी हाक मारायला तोंड उघडलं,
तेवढ्यात अंधारातून तुझा आवाज:
"हलवतोय केव्हाचा.
तू दुसरा पाय धरलायस."