मोजणी

नेलिदा ओरोस्को आम्हाला मोजते.
नऊ माणसं, एक काठी,
आणि बापाच्या पाठीवरच्या झोळीतलं एक मूल.
"ते फुकट," म्हणते, आणि एकटीच हसते.
मग नियम: इथून काही न्यायचं नाही,
इथे काही टाकायचं नाही.

सकाळचे साडेआठ. खाली खोऱ्यात
संत्र्यांच्या बागांवर धुक्याची साय,
इथे सहा हजार फुटांवर
मे संपत आला तरी सावलीत मळकं बर्फ.
मी विसेलियातल्या मोटेलची रात्रपाळी संपवून थेट आलेला.
खोल्यांचे आकडे एवढंच माझं गणित,
तेही सकाळपर्यंत विसरायचं असतं.

पहिलं झाड आलं तेव्हा ते झाड आहे हे कळलंच नाही.
वाटलं, वाट संपली.
मग भिंतीला गोलाई आली, गोलाईला खांदे,
आणि माना मागे टाकता टाकता
दातांच्या डॉक्टरसमोर बसल्यासारखे आम्ही सगळे
आ करून उभे.

"हात लावायचा तर या पडलेल्याला लावा."
साल मऊ, जुन्या गादीसारखी, हातभर जाड.
राळ जवळपास नाहीच. म्हणून, नेलिदा म्हणते,
आग हिला सहसा धरत नाही.

सहसा.

पुढच्या उतारावर काळे खांब. फांद्या नाहीत, पक्षी नाहीत.
ती तेव्हा वणवा विझवणाऱ्या तुकडीत होती.
"एक झाड हिवाळाभर धुमसत होतं," ती सांगते,
"अंगावर बर्फ, छातीत निखारा.
आम्ही रोज बघून यायचो, घरच्या आजाऱ्याला बघावं तसं."
आणि खिशातून काढते कोंबडीच्या अंड्याएवढा शंकू,
तळहातावर झटकते:
ओटच्या पोह्यासारख्या बिया.
त्याच काळ्या राखेत बोटभर रोपं, दाट,
मेथीच्या वाफ्यासारखी.
आग लागते त्यांना, उघडायला.
बाकी कुणी काही बोललं नाही. मूल मात्र शिंकलं.

दुपारी जेवायला त्या बुंध्यापाशी.
म्हणजे बुंध्याचं जे उरलंय त्यापाशी,
एखाद्या लग्नाची पंगत बसेल एवढं.
फ्रेस्नोहून आलेली पान्यिया, सोळा वर्षांची,
सकाळपासून कंटाळलेली, पोटावर पडून
नखाने वर्तुळं मोजायला लागली.

तेव्हा काठीवाले आल्विन थ्रॅशर पहिल्यांदा बोलले.
"माझ्या पणजोबांच्या हाती होती करवतीची एक मूठ.
तेरा दिवस लागले म्हणे.
पडलं ते काचेसारखं फुटलं,
निम्मं तर उचललंसुद्धा नाही कुणी.
उरलं त्याचे द्राक्षबागेचे खुंट केले."
काठी त्यांनी आडवी धरली.
काठी नव्हतीच ती. चौकोनी, करडी,
तारेने एका जागी खोल कापलेली.
"मुलाने यंदा वेली उपटल्या. बदाम लावतोय.
खुंट मात्र एकही कुजला नव्हता."

उठले. गुडघे वाजले.
खुंट बुंध्याला टेकवून ठेवला,
दारात छत्री ठेवावी तसा, सहज.

नेलिदाने दुर्बीण डोळ्यांना लावली
आणि झाडाच्या शेंड्याकडे बघत राहिली बराच वेळ.
झाकणं काढली नव्हती तिने.

उतरताना वाट निसरडी.
आल्विनचा हात पान्यियाच्या सॅकच्या पट्ट्यावर.
ती त्यांच्या पावलांनी चालत होती, न सांगता,
आणि मधूनच थांबत होती, जणू तिलाच दम लागलाय.

गाड्यांपाशी पुन्हा मोजणी.
नऊ माणसं, एक मूल, झोपलेलं.
नेलिदाचं बोट हवेत जरासं अडलं,
मग तिने वहीत सगळे आले असं लिहिलं.

"तू किती मोजलीस?" मी पान्यियाला विचारलं.
"दोनशे बारा. मग हे बोलायला लागले, आणि चुकले."
"आणि राहिली किती?"
तिने नख बघितलं. त्यात तांबडी भुकटी.

"एक वीतभरसुद्धा गेले नव्हते हो मी," म्हणाली.