पावती

तीन आठवडे मी एक गुहा खणत होतो
आलेखाच्या वहीत. एक चौकोन म्हणजे पाच फूट.
तळाशी सर्पराज्ञी, तिला एकशे ऐंशी प्राण,
तिच्या श्वासातलं विष कुठवर पोचेल
ते कंपासने गोल आखून ठेवलेलं.

शनिवारी साडेआठला
मुलुंड पूर्वेच्या आमच्या जेवणाच्या टेबलावरून
आईने लोणच्याच्या बरण्या उचलल्या.
मी पडदा उभा केला, लग्नपत्रिकांच्या चार पुठ्ठ्यांचा:
माझ्या बाजूला नियम,
त्यांच्या बाजूला अजूनही
कुणाचे तरी चि. आणि चि. सौ. कां.

क्षितिजा गुप्ते, अर्धी राक्षसीण, पाठीला कुऱ्हाड.
मेल्विन, पावाच्या देवाचा पुजारी.
हर्षल केणी चोर. दिवसा बँकेत कर्जाचे अर्ज तपासतो.
सुगत मांत्रिक,
ज्याचे मंत्र दर वेळी आम्हीच शोधून द्यायचे.

गुहेच्या आधी एक वेस होती,
वेशीवर पहारेकरी, नकाशात नुसती एक फुली.
"नाव काय त्याचं?" क्षितिजाने विचारलं.
नाव नव्हतं. समोर बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी होती,
तिच्यावरचं अर्धं वाचलं:
"तेलमिसार."

आवाज मात्र मी शोधला नाही.
तोंड उघडलं आणि आला,
नाकातून, घाईघाईचा:
"गाडीत काय आहे? ताडपत्री वर करा. काय समजलं?"

सगळे हसले.
एक नाणं, एक फासा, की पुढे गुहा.
पण हर्षलने खुर्ची ओढली.
चोर म्हणाला, दादा, रात्रपाळी किती वर्षं?
"एकतीस."
सुगत म्हणाला, राजा वेस पाडणार म्हणे,
नवा कायदा आलाय. मग तुम्ही कुठे?

सुगतला काही माहीत नव्हतं.
तो दोनच महिने येतोय आमच्याकडे.

काही ठरवायचं नसताना मी फासा टाकला.
पडद्याआड खडखडलं की समोरच्यांना वाटतं,
याच्याकडे उत्तर आहे.
वीस बाजूंपैकी सात.
सात म्हणजे काय, कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

तेलमिसार म्हणाला,
"बसवतील कुठल्यातरी खात्यात. जन्ममृत्यू नोंदणी.
पंखा असतो तिथे.
ट्रक येत नाहीत."

बाबा पाण्यासाठी बाहेर आले होते.
कधीचे उभे होते कोण जाणे.
फ्रिजचं दार उघडं, बाटली हातात.
मी आवाज बदलायला गेलो, जमेना.
त्यांनी नकाशा पाहिला, सैनिक म्हणून मांडलेली शर्टाची बटणं,
बुद्धिबळातला एका कानाचा घोडा.
म्हणाले, "पैसे आधी घेतलेस. चूक.
आधी पावती फाडायची. कार्बन घालून, जोर देऊन लिहायचं.
नाहीतर खालच्या प्रतीवर काय उमटणार, डोंबल?"
आणि आत गेले. टीव्हीचा आवाज वाढला.

मग वेशीतून कुणी हलेना.
राक्षसीण म्हणाली, पावतीशिवाय नाही.
पुजारी म्हणाला, कार्बनसकट.
वेफर्स संपले, कोकम संपलं, कुणी तलवार उपसली नाही.
मी गुहेचं पान उलटं करून पाठीवर लिहिलं:
कुऱ्हाड एक. पाव अडीच. मंत्र, विसरलेले, नग माहीत नाहीत.
घोडा एक, कान एक.
वसूल नाणी दोन.
सहीपाशी हात थांबला.
तेलमिसार सही कशी करत असेल?
तेवढ्यात मेल्विनची रिक्षा आली.

सर्पराज्ञी अजून तळाशीच,
एकशे ऐंशीतला एकही प्राण कमी न होता.
बॉलपेन फार दाबलं गेलं होतं.
तिच्या दालनाच्या फरशीवर आता
उलट्या अक्षरांचे उंचवटे आलेत.
पुढच्या शनिवारी तिथून चालताना
ते त्यांच्या पायाला लागतील,
समासात तशी नोंद केली आहे.