रिजेक्ट

रबाळ्याच्या कारखान्यात दोन काचांमध्ये
दुधी पापुद्रा अंथरायचं काम माझं.
टोपी, मास्क, हातमोजे. तरी एकदा केस पडलाच.
भट्टीतून निघाल्यावर दिसला:
पापुद्रा वितळून पाण्यासारखा नितळ,
आत तो, अर्ध्या वळणावर थांबलेला.

केणीसाहेबांनी काडी ओढून काचेसमोर धरली.
आत ज्योती उमटल्या, एक जरा जांभळट,
म्हणजे लेपाची बाजू बरोबर.
"काच चांगली आहे, फुलवंताबाई. केस कोणाचा?"
मी टोपी नीट केली.

नेरुळला एकोणिसाव्या मजल्यावर जायची ती
माझ्या पगारातून कापून दिघ्याला आली.
ओट्यामागच्या खिडकीला मोठी पडली,
काच कापवेना, मग भिंतच फोडली.
दुपारी उजेड आत येतो, झळ बाहेर राहते.
मध्ये पोरांच्या चेंडूने तडे गेले,
कोळ्याने जाळं विणावं तसे,
पण ओट्यावर एक कण सांडला नाही.

आता डोकं सगळं पांढरं.
भाजी चिरताना कधी वर बघते.
तड्यांच्या जरा बाजूला
तो अजून काळाच आहे.
तेलाचा वास तेवढा गेला असणार.