तेरा काड्या

कायतानने दांडा उचलून धरला, एक डोळा मिटला.
मांद्र्याच्या हॉटेलांना अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या करणारा माणूस,
त्याला वाटलं, चौकटच असणार.
"कांच खंय?"
काच नाही, म्हटलं. हिच्यातून पाहायचं नाही, ऐकायचं.

पावणेसात मीटरचा दांडा, तीन तुकडे जोडून,
त्यावर आडव्या तेरा काड्या.
मागची सगळ्यांत लांब, पुढच्या आखूड होत गेलेल्या,
शेजारशेजारच्या दोघींत फरक नखाच्या कडेएवढा.
शेवटचा बोल्ट आवळून कायतान रस्त्यापलीकडे गेला,
तिथून ओरडला,
"टीचर, हो इसवणाचो कांटो गो!"
खरंच. मांजरानं चाटूनपुसून ठेवलेला.

तार जोडलेली काडी एकच.
बाकी बाराजणींना कुणी काही दिलेलं नाही,
त्या नुसत्या जवळ उभ्या असतात,
ठरल्या अंतरावर, ठरल्या लांबीच्या,
आणि तिच्या कंपानं कंप पावतात.
अठ्ठावीस वर्षं मी हे पेडण्यात फळ्यावर काढलं,
खडूनं, साधारण बरोबर.
हातात करवत आली तेव्हा कळलं,
मिलिमीटर केवढा रुंद असतो.

दांडा लांबला की ती हट्टी होते.
एका दिशेला इतका कान देते
की उरलेल्या दिशा विझतात.
पठारावर ती समुद्राकडे वळवली
आणि बेळगावचे हुद्दार वाक्याच्या मध्येच गेले.
दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन:
"काही चुकलं का माझं?"

दोन्ही टोकं मात्र झुकायची.
रापणीवरच्या भिवानं नायलॉनचा दोर वरून ताणून दिला.
ती गाठ मला अजून सुटत नाही,
बांधता तर येतच नाही.
पहिल्याच सकाळी मधोमध कावळा बसला. बसू दिला.

लांब्यांची वही वामनमाम पार्सेकरची.
वय एक्याऐंशी, दोन्ही कान गेलेले,
तरी केरीला येतो, स्वतःची खुर्ची घेऊन,
टेप खिशात.
फेब्रुवारीतली ती रात्र. मतलई सुटलेला,
दिवसभर तापलेली कोरडी हवा किनारा ओलांडून
समुद्राच्या गारव्यावर पसरलेली;
दोन हवांच्या मध्ये, पाण्यालगत,
कुणी न बांधलेला एक बोगदा.
तो कधी मिनिटभर असतो, कधी उजाडेपर्यंत.
बहुतेक रात्री नसतोच.

हेडफोनमध्ये वाळू चाळल्यासारखं काहीतरी,
आणि वाळूच्या खाली टिकटिक.
चार अक्षरं लागली, पाचवं गेलं.
मी हेडफोन उपटला, स्पीकर उघडा केला, आवाज चढवला.
वामनमामनं मधलं बोट स्पीकरच्या कागदावर ठेवलं,
ताप बघावा तसं.
डोळे मिटले नाहीत. समोर पाहत राहिला,
जिथे ट्रॉलरचे दोन दिवे होते.

"सूर," म्हणाला.
मला वाटलं, आवाजाबद्दल बोलतोय.
"गाव गो. ओमानातलं."
मग थोड्या वेळानं,
"हात जड आहे त्याचा. डा ओढतो. जुना माणूस."

मी उत्तर पाठवलं. नाव पाठवलं, केरी पाठवलं,
'के'चा डॅश दोनदा चुकवला.
तिकडून काही आलं नाही. मग आलं.
माझंच नाव, हळू, एकेक अक्षर,
समुद्रभर फिरून खारटलेलं.

वामनमामनं बोट काढलं नाही.
"पुढून चौथी काडी," म्हणाला,
"दोन मिलिमीटर लांब आहे तुझी.
दुपारीच मोजली होती."

मी कानस शोधायला उठले.
"बस," म्हणाला. "तो अजून बोलतोय."